व्हेरा मेंचिक: पुरुषांच्या गुणतक्त्यातले एक नाव

व्हेरा मेंचिक (1906–1944) ही बुद्धिबळातील पहिली महिला जगज्जेती. 1927 साली लंडनमध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती तिने जिंकली आणि त्यानंतर 1939 पर्यंत झालेल्या सहाही स्पर्धा जिंकल्या. या सात स्पर्धांत ती एकूण 83 डाव खेळली. त्यांपैकी 78 जिंकले, 4 बरोबरीत सुटले आणि एकच हरली. जगज्जेतेपद तिच्याकडून पटावर कोणी हिरावून घेतले नाही, मरेपर्यंत ते तिच्याकडेच राहिले. तरीही तिचे बुद्धिबळाच्या इतिहासातील स्थान केवळ या आकड्यांवर ठरत नाही. त्याच वर्षांत ती पुरुषांच्या मातब्बर स्पर्धांत खेळत होती, तिथे बहुधा गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात राहत होती आणि अधूनमधून एखाद्या नामांकित खेळाडूला हरवत होती. तिच्या खेळाचा खरा कस तिथे लागला.

तिच्याआधी बायका बुद्धिबळ खेळत नव्हत्या असे नाही. लंडनमध्ये 1895 साली स्त्रियांचा स्वतंत्र बुद्धिबळ क्लब निघाला होता. 1897 मध्ये तिथेच झालेली महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ब्रिस्टलच्या मेरी रज हिने पन्नाशी उलटल्यावर, एकही डाव न हरता जिंकली होती. 1904 पासून ब्रिटनमध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. पण हे सारे एका बंद दालनात चालले होते. महिला महिलांशी खेळत, बक्षिसे मिळवत, आणि मास्टर म्हणवणारे पुरुष ज्या स्पर्धांत खेळत त्यांचे दार वेगळे होते. बायकांना येण्यास मनाई करणारा लेखी नियम बहुतेक ठिकाणी नव्हता. तशी गरजच कोणाला पडली नव्हती, कारण त्या स्पर्धांना निमंत्रणावरून जायचे असे आणि स्त्रीला निमंत्रण जात नसे.

व्हेराचा जन्म 16 फेब्रुवारी 1906 रोजी मॉस्कोत झाला. वडील फ्रांतिशेक मेंचिक मूळचे बोहेमियातले, म्हणजे चेक. आई ओल्गा इलिंगवर्थ इंग्रज. वडील रशियात जमीनदारी इस्टेटींचा कारभार पाहत, त्यांची स्वतःची गिरणीही होती. धाकटी बहीण आईच्याच नावाची, ओल्गा. व्हेरा नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळाचा पट आणून दिला आणि खेळ शिकवला. पुढे शाळेतल्या एका स्पर्धेत ती खेळली. तोवर रशियात क्रांती झाली होती. गिरणी गेली, राहत्या घरात परकी कुटुंबे आली, आणि थोड्याच वर्षांत आईवडिलांचा संसारही मोडला. 1921 साली वडील बोहेमियाला परतले आणि आई दोन्ही मुलींना घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज गावी, माहेरी आली.

गाव योगायोगाने असे मिळाले की बुद्धिबळपटूने मुद्दाम निवडावे. हेस्टिंग्जचा क्लब 1882 पासूनचा. 1895 साली तिथे झालेली स्पर्धा त्या शतकातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक गणली जाते, आणि 1920 पासून नाताळाच्या सुट्टीत तिथे दरवर्षी मेळावा भरू लागला होता. पंधरा वर्षांच्या व्हेराला इंग्रजी येत नव्हते. बुद्धिबळात बोलावे लागत नाही, म्हणून भाषा न येणाऱ्याला हा खेळ सोयीचा, असे तिने पुढे सांगितले आहे. 1923 च्या वसंतात ती क्लबाची सभासद झाली आणि त्याच वर्षीच्या नाताळ मेळाव्यात पहिल्यांदा स्पर्धेत उतरली. तिथे तिने एडिथ प्राइस या तेव्हाच्या ब्रिटिश महिला विजेतीशी बरोबरी साधली.

हंगेरीचा गेझा मारोत्सी त्या काळात काही दिवस हेस्टिंग्जमध्ये राहत होता. पहिल्या महायुद्धाआधी जगातल्या पहिल्या चारपाच खेळाडूंत गणला गेलेला हा माणूस. संयम आणि अंतिम अवस्थेतली अचूकता हे त्याच्या खेळाचे विशेष. त्याने व्हेराला शिकवले आणि त्याचा ठसा तिच्या खेळावर कायम राहिला. काळी मोहरी असली की फ्रेंच बचाव, पांढरी असली की वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे. आधी मोहरी नीट लावून घ्यायची, कमजोर घरे राहू द्यायची नाहीत, प्रतिस्पर्धी उतावीळ झाला की त्याची चूक पकडायची, एखादे प्यादे जास्त मिळाले की वजीर बदलून टाकायचा आणि राजा मैदानात आणून डाव संपवायचा. तिच्या डावांत आतषबाजी कमी आहे. टीकाकारांनी तिच्यात कल्पकता नाही असेही म्हटले आणि ते अगदी निराधार नव्हते. मात्र जी मुलगी एकटीच पुरुषांच्या दालनात जाऊन बसणार होती तिला भक्कम बचावाचा उपयोग आतषबाजीपेक्षा जास्त झाला असावा.

1925 मध्ये तिने एडिथ प्राइसला दोन सामन्यांत हरवले. एकोणिसाव्या वर्षी ती इंग्लंडमधली सर्वांत बलवान महिला खेळाडू होती, पण ब्रिटिश महिला विजेतेपदासाठी खेळण्याचा हक्क तिला नव्हता, कारण ती ब्रिटिश नागरिक नव्हती. मुलींच्या खुल्या स्पर्धेला ही अट नव्हती. ती स्पर्धा तिने 1926 आणि 1927 अशी लागोपाठ जिंकली. बहीण ओल्गाही त्यात वरच्या क्रमांकांवर होती. ओल्गा पुढे स्वतःही चांगली खेळाडू झाली. मोठ्या बहिणीच्या सावलीत राहिल्यामुळे तिचे नाव फारसे कोणी घेत नाही.

1927 च्या उन्हाळ्यात जागतिक बुद्धिबळ महासंघ अर्थात फिडेने लंडनमध्ये देशोदेशींच्या संघांची पहिली ऑलिंपियाड भरवली. तिच्याच जोडीला महिलांची एक स्पर्धा ठेवण्यात आली. बारा खेळाडू, प्रत्येकीने प्रत्येकीशी एक डाव. व्हेराने 11 पैकी साडेदहा गुण मिळवले. स्वीडनची कातारिना बेस्कोव दुसरी आली, ती दीड गुणाने मागे होती. महिलांचे जगज्जेतेपद असे पुरुषांच्या सांघिक स्पर्धेच्या शेपटाला जोडून जन्माला आले आणि महायुद्ध होईपर्यंत तसेच राहिले. हॅम्बुर्ग 1930, प्राग 1931, फोकस्टन 1933, वॉर्सा 1935, स्टॉकहोम 1937, ब्वेनोस आइरेस 1939 अशी प्रत्येक वेळी ऑलिंपियाडच्या गावीच महिलांची स्पर्धा झाली. बक्षिसाची रक्कम किरकोळ असे आणि वृत्तपत्रांत जागाही थोडी मिळे.

या स्पर्धांचे निकाल वाचताना नवल वाटते आणि थोडा कंटाळाही येतो. हॅम्बुर्गला ती एक डाव हरली, आठपैकी साडेसहा गुणांवर राहिली. सात स्पर्धांतला तिचा हा एकुलता एक पराभव. प्रागला आठपैकी आठ. फोकस्टनला चौदापैकी चौदा. वॉर्सात नवापैकी नऊ. स्टॉकहोमला पुन्हा चौदापैकी चौदा. हे आकडे नीट समजायचे तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सोव्हिएत संघ तेव्हा फिडेत नव्हता. तिथे 1927 पासून महिलांची राष्ट्रीय स्पर्धा होत होती आणि पहिली विजेती ओल्गा रुब्त्सोवा पुढे जगज्जेती झाली, पण त्या खेळाडूंची आणि व्हेराची महिलांच्या जागतिक स्पर्धेत गाठ पडलीच नाही. तिच्या समोर ज्या बसत त्यांतल्या बहुतेकींना वर्षभरात एक-दोन बऱ्या स्पर्धा मिळणेही कठीण होते. व्हेराला मात्र दर नाताळात हेस्टिंग्जला जगातले पहिल्या फळीचे खेळाडू समोर मिळत. तिच्या आणि इतर महिलांच्या खेळात जे अंतर दिसते त्यातला मोठा वाटा या सरावाचा आहे.

पुरुषांच्या स्पर्धांत तिचे नाव झाले ते 1929 साली. त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत रॅम्सगेट इथे सात परदेशी खेळाडूंचा संघ सात ब्रिटिश खेळाडूंविरुद्ध खेळला. राहायला इंग्लंडमध्ये असली तरी कागदोपत्री परकी, म्हणून व्हेरा परदेशी संघात होती. माजी विश्वविजेता कापाब्लांका साडेपाच गुणांसह पहिला आला आणि त्याच्या मागे अर्ध्याच गुणाने दोघे बरोबरीत होते: अकिबा रुबिनस्टाईन आणि व्हेरा मेंचिक. रुबिनस्टाईन एके काळी विश्वविजेतेपदाचा दावेदार मानला गेला होता. प्रत्येकाला फक्त सात डाव आणि तेही दुसऱ्या संघाविरुद्धच, त्यामुळे या निकालावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे खरे. पण निमंत्रणे पाठवणाऱ्यांचे लक्ष वेधायला तो पुरेसा होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात बोहेमियातील कार्ल्सबाद या उष्ण झऱ्यांच्या गावी बावीस खेळाडूंची मोठी स्पर्धा झाली. कापाब्लांका, निमझोविच, रुबिनस्टाईन, श्पिलमन, युवे अशी सगळी बडी नावे हजर होती. विश्वविजेता अलेखिन खेळत नव्हता, तो वार्ताहर म्हणून आला होता. या यादीत व्हेराचे नाव पाहून काही जणांच्या भुवया उंचावल्या. व्हिएन्नाचा मास्टर अल्बर्ट बेकर याने मग एक विनोद केला: जो कोणी या बाईकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लब’चे सभासद करून घ्यावे, आणि जो बरोबरी पत्करेल त्याला उमेदवार समजावे. तिसऱ्या फेरीत बेकर स्वतः तिच्यासमोर बसला आणि हरला. क्लबाला पहिला सभासद मिळाला.

हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेला आहे की पुढचा भाग त्यात हरवतो. त्या स्पर्धेत व्हेरा शेवटची, बाविसावी आली. 21 डावांत 3 गुण. बेकरखेरीज तिने जर्मनीच्या फ्रिट्झ सेमिशला हरवले, दोन डाव बरोबरीत सोडवले आणि बाकीचे सगळे गमावले. साडेतीन आठवडे, रोज समोर एक नवा मास्टर, आणि बहुतेक संध्याकाळी पराभव. तेवीस वर्षांच्या खेळाडूला हे पेलणे सोपे नव्हते. अलेखिनने आपल्या वार्तापत्रात तिच्या गुणांची दखल घेतली आणि तिला अशा आणखी स्पर्धांत खेळू दिले पाहिजे असा सूर लावला. विश्वविजेत्याच्या शब्दाला वजन होते. बेकरच्या विनोदाने तिला प्रसिद्धी दिली, तशी अलेखिनच्या मताने प्रतिष्ठा दिली असे म्हणायला हरकत नाही.

1929 च्या नाताळापासून हेस्टिंग्जच्या मुख्य गटात तिला जागा मिळाली आणि पुढच्या दशकात ती तिथे वारंवार दिसत राहिली. 1930–31 ची स्पर्धा हॉलंडच्या मॅक्स युवेने जिंकली. ती विशेष लक्षात राहते ती दोन डावांमुळे. त्यात कापाब्लांका हिंदुस्थानातून आलेल्या मीर सुलतान खानकडून हरला, आणि विजेता युवे व्हेराकडून हरला. पुढच्या वर्षी युवे पुन्हा आला आणि पुन्हा तिच्याकडून हरला. हाच युवे 1935 साली अलेखिनला हरवून विश्वविजेता झाला. दोन पराभवांमुळे गमतीने त्याला मेंचिक क्लबाचा अध्यक्ष म्हणत, आणि गणिताचा हा शालीन शिक्षक ते मनावर घेत नसे.

क्लबाची यादी वाढत गेली. त्यात अमेरिकेचा सॅम्युएल रेशेव्स्की आहे, बेल्जियमचा एडगार कोल आहे, हंगेरीचा लायोश स्टायनर आहे, ब्रिटिश विजेते येट्स आणि विंटर आहेत. अलेक्झांडर, मिलनर-बॅरी आणि गोलोंबेक हे तिघे इंग्रज तरुणही आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कच्या गुप्त केंद्रात जर्मन संकेतलिपी फोडणाऱ्यांत हे तिघे होते. सर जॉर्ज थॉमसची पाळी तर पुनःपुन्हा आली. भारतीय वाचकाला हे नाव दुसऱ्या खेळातून ठाऊक आहे: बॅडमिंटनचा थॉमस करंडक याच माणसाचा. तो ऑल इंग्लंड बॅडमिंटनचा अनेक वेळचा विजेता होता आणि दोनदा ब्रिटिश बुद्धिबळ विजेताही झाला. 1932 साली लंडनच्या स्पर्धेत व्हेराने त्याच्या राजावर केलेला हल्ला तिच्या सर्वोत्तम डावांत गणला जातो. कल्पकता नसल्याचा आरोप करणाऱ्यांनी तो डाव एकदा मांडून पाहावा.

सुलतान खानही या यादीत आहे. पंजाबातले जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा खेळाडू 1929 मध्ये मालकांबरोबर विलायतेला गेला आणि तीनदा ब्रिटिश विजेता झाला. त्याच घरातली फातिमा ही नोकर तरुणी 1933 साली ब्रिटिश महिला विजेती झाली. साम्राज्यातली प्रजा म्हणून त्या दोघांना ब्रिटिश स्पर्धा खुली होती, तर आई इंग्रज असूनही व्हेराला ती बंद होती. फातिमा त्यानंतर मालकांच्या लवाजम्यासोबत मायदेशी परतली आणि मोठ्या स्पर्धांत पुन्हा दिसली नाही. एकीला खेळत राहायला मिळाले आणि दुसरीला नाही, यामागे गुणवत्तेचा भाग किती होता हे ठरवायला फातिमाला पुढे डावच मिळाले नाहीत.

व्हेराच्या पुरुषांच्या स्पर्धांतील निकालांची एक ठेवण दिसते. पहिल्या पाचदहा क्रमांकांच्या खेळाडूंपुढे तिचे फारसे चालत नसे. कापाब्लांका आणि अलेखिन यांच्याविरुद्ध तिला एकही विजय मिळाला नाही. त्यांच्याखालच्या फळीशी मात्र ती बरोबरीने झगडे. 1934 साली युगोस्लाव्हियातील मारिबोर इथे ती पिर्त्स आणि लायोश स्टायनर यांच्या मागे तिसरी आली आणि हल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या श्पिलमनच्या पुढे राहिली. हा तिचा पुरुषांमधला सर्वांत चांगला निकाल म्हणावा लागेल. रॅम्सगेटपेक्षा त्याला महत्त्व जास्त, कारण इथे सगळे सगळ्यांशी खेळले होते.

लगेच पुढच्या वर्षी तिला सर्वांत कडू अनुभव आला. 1935 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मॉस्कोत वीस खेळाडूंची स्पर्धा झाली. बोट्विनिक आणि फ्लोर संयुक्त पहिले आले, सहासष्ट वर्षांचा लास्कर तिसरा आणि कापाब्लांका चौथा. जन्मगावी चौदा वर्षांनी परतलेली व्हेरा शेवटची होती: 19 डावांत दीड गुण, एकही विजय नाही. रशियन प्रेक्षकांना तिचे अपार कौतुक होते, त्यांच्याशी ती त्यांच्याच भाषेत बोलत होती, आणि पटावर मात्र रोज हार. असे निकाल दाखवून काही जण तिला या स्पर्धांत केवळ शोभेसाठी बोलावतात असे म्हणत. आयोजकांना तिच्या नावाने तिकिटे खपतात हे कळत होते, यात शंका नाही. पण वीस जणांत कोणीतरी विसावा येणारच, आणि दरवेळी विसाव्या येणाऱ्या पुरुषाला तू इथे कशाला आलास असे कोणी विचारत नव्हते.

महिलांमध्ये तिला थोडीफार टक्कर देणारी एकच होती. म्युनिकची सोन्या ग्राफ ही झिगबर्ट टाराश या जुन्या आचार्याची शिष्या. केस आखूड, हातात सिगारेट, अंगावर पुरुषी कपडे, आणि खेळ धाडसी, बेभरवशाचा. स्थूल बांध्याच्या, शांत, अबोल व्हेराच्या अगदी उलट. 1934 साली रॉटरडॅममध्ये दोघींचा चार डावांचा सामना झाला, तो व्हेराने 3–1 असा जिंकला. 1937 मध्ये ऑस्ट्रियातील झेमरिंग इथे जगज्जेतेपदासाठी सोळा डावांचा सामना झाला. व्हेराने नऊ डाव जिंकले, दोन हरली, पाच बरोबरीत सुटले. तरीही दोन पराभव म्हणजे तिच्या हिशेबात बरेच होते, कारण सात जागतिक स्पर्धांत मिळून तिने एकच डाव गमावला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने रूफस स्टीव्हनसन या इंग्लिश बुद्धिबळ संघटकाशी लग्न केले. तो तिच्यापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी मोठा होता. त्याची पहिली पत्नी ॲग्नेस चार वेळा ब्रिटिश महिला विजेती झाली होती. 1935 साली वॉर्सातल्या जागतिक स्पर्धेला जाताना पोझनानच्या विमानतळावर फिरत्या पंख्याचा आघात होऊन तिचा मृत्यू झाला होता. लग्नामुळे व्हेराला अखेर ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. आधीच्या बहुतेक स्पर्धांत ती चेकोस्लोव्हाकियाची म्हणून खेळत असे, 1939 ला ती पहिल्यांदा आणि शेवटची इंग्लंडकडून खेळली.

पोटापाण्यासाठी ती बुद्धिबळावरच अवलंबून होती. त्या काळच्या बहुतेक पुरुष मास्टरांचीही हीच स्थिती होती. शिकवण्या, व्याख्याने, मासिकांसाठी डावांवर टिपणे, आणि गावोगावच्या क्लबांत एकाच वेळी वीस-पंचवीस जणांशी प्रदर्शनीय डाव. जिंकलेल्या जागतिक स्पर्धांतून तिचे घर चालले नसते. स्पर्धेतला नावलौकिक शिकवण्या मिळवून देई आणि शिकवण्यांतून पुढच्या स्पर्धेला जाण्याची सवड मिळे.

ब्वेनोस आइरेसची स्पर्धा 24 ऑगस्ट 1939 रोजी सुरू झालेल्या ऑलिंपियाडबरोबर भरली. स्पर्धा चालू असतानाच युरोपात युद्ध पेटले. इंग्लंडचा पुरुष संघ अर्ध्यातून माघारी गेला. महिलांची स्पर्धा वीस जणींची होती आणि ती पुरी झाली. व्हेराने सतरा डाव जिंकले, दोन बरोबरीत सोडवले. सोन्या ग्राफला नाझी सरकारने जर्मनीच्या यादीतून काढून टाकले होते, ती कोणत्याही देशाची नसलेली खेळाडू म्हणून उतरली आणि दुसरी आली. दोघींच्या डावात ग्राफ जिंकत होती, मग घसरली आणि तो डावही व्हेराच्या खात्यात गेला. स्पर्धा संपल्यावर अनेक युरोपीय खेळाडू परत जायचे टाळून अर्जेंटिनातच राहिले. ग्राफही राहिली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि 1957 व 1964 मध्ये तिथली महिला विजेती झाली. व्हेरा लंडनला परतली.

युद्धाच्या काळात आंतरराष्ट्रीय स्पर्धा थांबल्या. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुईस या दुकानाच्या इमारतीत राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्र उघडले होते, त्याची व्यवस्था तिच्याकडे होती. 1940 च्या सप्टेंबरात बाँबहल्ल्यात ती इमारत जळाली आणि केंद्रही गेले. 1942 साली तिने जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या याक मिझेसविरुद्ध दहा डावांचा सामना खेळला. चार जिंकले, एक हरली, पाच बरोबरीत. मिझेस म्हातारा झाला असला तरी मुरलेला मास्टर होता, आणि मास्टर दर्जाच्या पुरुषाविरुद्ध महिलेने आखीव सामना जिंकण्याचे उदाहरण त्याआधी शोधून सापडत नाही. 1943 मध्ये तिच्या पतीचे निधन झाले.

1944 च्या जूनच्या मध्यापासून जर्मनीचे व्ही-1 हे उडते बाँब लंडनवर पडू लागले. 26 जूनच्या रात्री त्यांतला एक दक्षिण लंडनमधील क्लॅपहॅम भागात गॉडेन रोडवरच्या 47 क्रमांकाच्या घरावर पडला. तळघरात आसऱ्याला बसलेली व्हेरा, बहीण ओल्गा आणि आई या तिघीही ठार झाल्या. व्हेरा अडतीस वर्षांची होती. तिची बक्षिसे आणि घरातले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. डाव उरले ते स्पर्धांच्या पुस्तिकांत, मासिकांत आणि प्रतिस्पर्ध्यांच्या वह्यांत नोंदलेले असल्यामुळे.

जगज्जेतेपद पाच वर्षे रिकामे राहिले. फिडेने 1949–50 च्या हिवाळ्यात मॉस्कोत सोळा खेळाडूंची स्पर्धा भरवून नवी विजेती ठरवली, ल्युडमिला रुडेंको. सोव्हिएत संघ आता फिडेत होता आणि त्याच्या मागे शाळा, प्रशिक्षक, क्लब आणि पगार यांची अख्खी यंत्रणा होती. रुडेंकोनंतर बिकोवा, रुब्त्सोवा, गाप्रिंदाश्विली, चिबुर्दानिद्झे असे जगज्जेतेपद 1991 पर्यंत सोव्हिएत खेळाडूंकडेच फिरत राहिले. व्हेराला जे एकटीने आणि शिकवण्या घेऊन साधावे लागले ते या खेळाडूंना सरकारी व्यवस्थेतून मिळाले, आणि त्याची फळे खेळात दिसली. नोना गाप्रिंदाश्विलीने 1977 साली कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या खुल्या स्पर्धेत संयुक्त पहिला क्रमांक मिळवला आणि 1978 मध्ये ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी ती पहिली महिला ठरली. व्हेराच्या हयातीत असे अधिकृत किताब नव्हतेच. फिडेने ते 1950 साली सुरू केले आणि हयात खेळाडूंनाच दिले. त्यामुळे व्हेराच्या नावापुढे कोणताही किताब लागत नाही.

एलिझावेता बिकोवाने 1957 साली तिच्यावर रशियन भाषेत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हॉलंडमधील एमन इथे महिलांची पहिली ऑलिंपियाड झाली. विजेत्या संघासाठी जो करंडक ठेवला गेला त्याला व्हेरा मेंचिकचे नाव देण्यात आले, आणि पहिल्यांदा तो सोव्हिएत संघाने नेला. 2011 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस इथल्या जागतिक बुद्धिबळ गौरवदालनात तिचा समावेश झाला, महिलांमध्ये सर्वांत आधी. करंडक भारताकडे यायला 2024 साल उजाडले. बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये द्रोणावल्ली हारिका, वैशाली, दिव्या देशमुख, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते, आणि तिसऱ्या पटावरचे वैयक्तिक सुवर्ण नागपूरच्या दिव्या देशमुखला मिळाले.